आकड्यांच्या जाळीतून नकाशा: पुरातत्त्वीय भूभौतिक सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी

कुदळ न लावता जमिनीखालचे खंदक, भट्ट्या आणि भिंतींचे पाये शोधता येतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. पण शेतात फिरणाऱ्या यंत्राला यातले काहीच दिसत नाही. त्याच्या हाती लागतात फक्त आकडे. 30 मीटर बाजूचा एक चौकोन घ्या. मीटरभर अंतरावर ओळी आणि ओळीत दर पाव मीटरला एक नोंद, असे धरले तर त्या एका चौकोनात 3600 आकडे होतात. पन्नास चौकोनांचे 1,80,000. त्यातून डोळ्यांना वाचता येईल असा नकाशा काढणे हे सॉफ्टवेअरचे काम. या सॉफ्टवेअरच्या मेनूत ‘डीस्टॅगर’, ‘एज मॅच’, ‘झिरो मीन ट्रॅव्हर्स’ अशी नावे दिसतात आणि नवखा माणूस बुचकळ्यात पडतो. खरे तर त्यातले जवळपास प्रत्येक बटण म्हणजे यंत्राच्या किंवा माणसाच्या पायांच्या एखाद्या जुन्या खोडीवरचा उतारा आहे.

सुरुवातीला उताऱ्यांची गरजच नव्हती, कारण आकडेच थोडे होते. 1946 मध्ये रिचर्ड ॲटकिन्सन यांनी इंग्लंडमधल्या डॉर्चेस्टर-ऑन-थेम्स इथे जमिनीत सळया रोवून मातीचा विद्युतरोध मोजला. तिथली जमीन वाळू-खडीची. जुने खंदक बुजताना त्यांत बारीक माती साचते, ती ओल धरते आणि तिथून वीज सहज वाहते. एका सरळ रेषेत मोजत गेले की खंदकावर आकडा खाली येतो. ते ओळखायला साधा आलेख पुरेसा होता.

चुंबकीय मोजणी आली आणि हे सोपेपण संपले. मार्च 1958 मध्ये ऑक्सफर्डच्या मार्टिन एटकेन यांनी इंग्लंडमधल्याच वॉटर न्यूटन इथे रोमन काळातल्या कुंभारभट्ट्या शोधण्यासाठी प्रोटॉन मॅग्नेटोमीटर हे चुंबकीय क्षेत्र मोजणारे यंत्र वापरले. रस्त्याच्या कामात ती जागा नष्ट व्हायच्या आत भट्ट्या सापडायला हव्या होत्या, आणि सापडल्याही. भाजलेली माती थंड होताना त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवते, त्यामुळे भट्टी ठळक उठून दिसते. खंदकाचे तसे नाही. पृथ्वीचे क्षेत्र तिथे 50,000 नॅनोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्र मोजायचे एकक) आसपास, आणि मातीने भरलेल्या खंदकामुळे पडणारा फरक बहुधा एक ते दहा नॅनोटेस्ला. त्यातच पृथ्वीचे क्षेत्र दिवसभरात स्वतःच दहांच्या पटीतल्या नॅनोटेस्लांनी खालीवर होते. म्हणजे सकाळी मोजलेली ओळ आणि दुपारी मोजलेली ओळ शेजारी ठेवली, तर मधे नसलेली पायरी दिसणार.

यावर पहिला मोठा तोडगा निघाला तो जर्मनीतल्या बॉनमध्ये. तिथल्या संग्रहालयात काम करणाऱ्या अर्विन स्कॉलर यांनी 1960 च्या दशकात दोन सेन्सर वापरले. एक जागेवर स्थिर, दुसरा फिरता. दोघांची वजाबाकी केली की दिवसभराचा चढउतार आपोआप गळतो. नोंदी भोके पाडलेल्या कागदी पट्टीवर उतरत आणि संगणकाला खायला घातल्या जात. 1966 पर्यंत या मोजण्यांच्या संगणकीय प्रक्रियेवरचे लेखन ‘आर्किओमेट्री’ या नियतकालिकात येऊ लागले होते. पुरातत्त्वातल्या बहुतेक खात्यांत तेव्हा संगणक नावालाही नव्हता, हे लक्षात घेतले की या कामाचे मोल कळते.

आकडे स्वच्छ झाले तरी दाखवायचे कसे, हा प्रश्न उरलाच. त्या काळच्या छपाईला राखाडीच्या छटा जमत नसत. म्हणून प्रत्येक चौकटीत आकड्याच्या प्रमाणात ठिपके टाकायची युक्ती निघाली. जास्त आकडा, दाट ठिपके. दुसरी पद्धत एकामागे एक आलेख रचण्याची. त्यात भट्टी डोंगरासारखी वर येते आणि लोखंडी खिळा सुईसारखा टोचतो. पुढे पडदे आणि प्रिंटर सुधारले, राखाडी नकाशा रूढ झाला आणि ठिपके मागे पडले. मला मात्र रचलेले आलेख अजून सोडवत नाहीत. खिळा आणि भट्टी यांतला फरक राखाडी नकाशापेक्षा त्यांत लवकर कळतो.

1980 च्या दशकात इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या जिओस्कॅन रिसर्च या कंपनीने स्वतःची स्मृती असलेली फ्लक्सगेट ग्रेडिओमीटर बाजारात आणली. एकावर एक बसवलेले दोन सेन्सर, चालता चालता नोंद, संध्याकाळी सगळे संगणकावर. त्याच कंपनीचे ‘जिओप्लॉट’ हे सॉफ्टवेअर आधी डॉस या जुन्या संगणक प्रणालीवर आणि नंतर विंडोजवर आले, आणि आजच्या मेनूचा साचा बऱ्याच अंशी तिथे घडला. माणूस जाताना एका दिशेने आणि येताना उलट्या दिशेने चालतो. सेन्सर किंचित तिरके असतील तर एकाआड एक ओळ गडद-फिकी होते. म्हणून ‘झिरो मीन ट्रॅव्हर्स’: प्रत्येक ओळीची सरासरी शून्यावर आणायची. चालण्याचा वेग चुकला की खंदकाची कड करवतीसारखी दिसते, म्हणून ‘डीस्टॅगर’. विद्युतरोध मोजताना दूर रोवलेल्या सळया हलवल्या की पुढच्या चौकोनाची पातळीच बदलते, म्हणून ‘एज मॅच’.

यातला प्रत्येक उतारा काहीतरी घेऊन जातो. ओळीच्या दिशेनेच लांब पसरलेली भिंत असेल, तर सरासरी शून्यावर आणताना ती भिंतही पुसली जाऊ शकते. हाय-पास फिल्टरने भूगर्भाचा मोठा चढउतार काढला, तर ठळक भिंतीच्या दोन्ही बाजूंना खोटी फिकी किनार उमटते, आणि घाईत पाहणारा तिला खंदक समजतो. भिंत आणि खंदक यांची गल्लत फिल्टर न वापरताही होतेच. तुर्कस्तानातल्या प्राचीन ट्रॉयमध्ये पुरातत्त्वज्ञ मानफ्रेड कॉर्फमान यांच्या मोहिमेत बालेकिल्ल्याच्या दक्षिणेला सुमारे 400 मीटरवर चुंबकीय मोजणीत एक लांब रेषा उमटली. ती जळालेल्या विटांची तटबंदी असावी, असा पहिला अंदाज होता. 1993 मध्ये खणून पाहिले तर तो खडकात कोरलेला खंदक निघाला. नकाशा बरोबरच होता, नाव चुकले होते.

जीपीआर, म्हणजे जमिनीत रडारच्या लहरी सोडण्याचे तंत्र, वेगळ्या वाटेने आले. त्याच्या नोंदी उभ्या छेदांसारख्या असतात आणि पुरातत्त्वज्ञाला हवा असतो आडवा नकाशा. 1990 च्या दशकात डीन गुडमन यांनी जपानमधल्या दफनटेकड्यांवर काम केले. सगळ्या छेदांमधून एकाच वेळेचा थर कापून काढायची ‘टाइम-स्लाइस’ पद्धत रुजवण्यात त्यांचा मोठा हात आहे. त्यांच्या सॉफ्टवेअरचे नावच ‘जीपीआर-स्लाइस’. इथे वेळ म्हणजे लहर परत यायला लागणारा वेळ; तिचे खोलीत रूपांतर करायला मातीतला लहरींचा वेग ठरवावा लागतो. तो चुकला की पाया जागेवरच राहतो, पण त्याची खोली बदलते.

पुढे ‘आर्किओसर्व्हेयर’ आणि त्याचे नवे रूप ‘टेरासर्व्हेयर’, हौशी गटांना परवडणारे मोफत ‘स्नफलर’, पायथॉनमधले मुक्त ‘जीपीआरपाय’ अशी रांग लागली. गाड्यांवर ओळीने सेन्सर आणि वर जीपीएस बसवल्यावर चौकोनांची जाळीच उरली नाही. मग एज मॅचचे काम कमी झाले, आणि त्याच्या जागी जीपीएसचा अँटेना सेन्सरपासून किती दूर आहे याचा हिशेब आला.

या सगळ्यात उशिरा सुचलेली गोष्ट म्हणजे मूळ आकडे जपणे. यॉर्कमधली ‘आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिस’ 1996 मध्ये सुरू झाली आणि 2001 मध्ये आर्मिन श्मिट यांची भूभौतिक डेटा जपण्याविषयीची मार्गदर्शिका आली. तिचा आग्रह असा की नुसते अंतिम चित्र ठेवू नका. कच्च्या नोंदी, चौकोनांचा आराखडा आणि कोणते उतारे कोणत्या क्रमाने वापरले, हेही ठेवा. ज्या जुन्या सर्वेक्षणांच्या अहवालात केवळ ठिपक्यांचे चित्र उरले आहे, तिथे आज कितीही चांगले सॉफ्टवेअर आणले तरी ठिपके मोजत बसण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही.