संगणक अचानक बंद पडणे म्हणजे व्हायरस नव्हे

चालता संगणक एकाएकी बंद पडला की ‘व्हायरस शिरला, फॉरमॅट मारा’ हा सल्ला कोल्हापुरात राजारामपुरीपासून उद्यमनगरापर्यंत आजही ऐकू येतो, आणि त्यापायी लोकांचे हिशेब व फोटो हकनाक पुसले जातात. या समजाला जुना आधार आहे: २००३ साली ब्लास्टर नावाच्या वर्ममुळे, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्राममुळे, विंडोज एक्सपीच्या पडद्यावर ६० सेकंदांची उलटमोजणी दिसून संगणक पुन्हा सुरू होत असे. मात्र तेथे पूर्वसूचना मिळे. दिवा विझावा तसा क्षणात बंद पडणारा संगणक बहुधा उष्णतेकडे किंवा वीजपुरवठ्याकडे बोट दाखवतो.

प्रोसेसरचे तापमान साधारण १०० अंश सेल्सिअसला पोहोचले की तो आधी वेग कमी करतो, आणि तरीही ते चढतच राहिले तर संगणक स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. कारखान्यांजवळच्या कार्यालयांत हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये धूळ साचून नेमके हेच घडू शकते. म्हणून प्रथम बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, तापमान आणि पंख्याचा वेग पाहावा. तो पडदा उघडा असतानाही संगणक बंद पडला, तर विंडोजचा त्यात संबंधच उरत नाही. विंडोजमधील घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद संगणक नीट बंद झाला नाही एवढेच सांगते, कारण सांगत नाही.

तापमान ठीक असेल तर दुसरा एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) लावून पाहावा. जुना एसएमपीएस मात्र घरी उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार काही काळ टिकून राहतो.