मणक्यातला स्क्रू आणि रोबोटचा हात

मिरजेत सकाळी कुठल्याही हाडांच्या दवाखान्याबाहेर कमरेला पट्टा बांधलेली, एमआरआयची मोठी पिशवी सांभाळत बसलेली माणसं दिसतात. कुणी मार्केट यार्डात हळदीची पोती वाहिलेली, कुणी ऊसतोडीतली. ‘मणका सरकलाय, स्क्रू टाकायचाय’ असं सांगता सांगता आता एक प्रश्न येतोच: ‘रोबोट करतो म्हणे ऑपरेशन?’

मणके जोडण्याची शस्त्रक्रिया मुळात कंबरदुखीसाठी नव्हतीच. 1911 साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड अल्बी यांनी आपापल्या पद्धतीने क्षयाने पोखरलेले मणके सांधले. अल्बींनी त्यासाठी नडगीचं हाड वापरलं. क्षय आपल्याकडेही घरोघरी माहीत होता. मिरजेत 1894 मध्ये रुग्णालय उभं करणाऱ्या डॉ. वानलेस यांच्या नावाच्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांचं आरोग्यधाम होतं.

हाड धरेपर्यंत तेव्हा रोगी महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये पडून राही. ते सुटलं स्क्रूमुळे. 1963 पासून फ्रान्सचे रेमंड रॉय-कामी पेडिकलमधून स्क्रू घालू लागले. पेडिकल म्हणजे मणक्याची मागची कमान पुढच्या ठोकळ्याला जोडणारा हाडाचा खांब, छातीच्या मधल्या मणक्यांत जेमतेम 5 मिलिमीटर रुंद. आतल्या अंगाला मज्जारज्जू, खालून नस. दिशा जराशी चुकली तरी पायातली ताकद जाऊ शकते. पुढची सगळी धडपड या एका भीतीपोटी आहे.

मोठी चीर घेतली की हाड दिसायचं, पण त्यासाठी पाठीचे स्नायू सोलून काढावे लागत. 2000 नंतर बारीक चिरांतून, स्नायू फक्त बाजूला सारून स्क्रू घालणं रुळलं. रक्त वाचलं, पण हाड सर्जनच्या डोळ्याआड गेलं. मग शिशाचा एप्रन घालून पावलोपावली सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच आतलं हाड दाखवणाऱ्या यंत्रावर, एक्स-रे.

रोबोट आला तो ही अडचण सोडवायला. इस्रायलच्या मेझॉर कंपनीच्या स्पाइनअसिस्टला 2004 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. शीतपेयाच्या डब्याएवढं ते यंत्र रोग्याच्या मणक्यालाच जोडत. आता टेबलाशेजारी मोठा हात असतो. काम तेच: सीटी स्कॅनवर सर्जनने आखलेल्या रेषेत ड्रिलला वाट दाखवणारी नळी धरून ठेवणं. भोक पाडणं आणि स्क्रू पिळणं सहसा सर्जनच्याच हातात. उतरत्या हाडावरून ड्रिल घसरलं तर रोबोट असूनही नेम चुकतो, म्हणून सर्जनचा अनुभव आधी विचारावा.

आणि हाड? ते आजही अल्बींच्या काळासारखं आपल्याच गतीने, काही महिन्यांत जुळतं. तंबाखू-मिसरीतलं निकोटिन त्यात खोडा घालतं, म्हणून तारीख ठरण्याआधीच डॉक्टर पुडी सोडायला लावतात.