बोटं मंदावतात, टायपिंग का मंदावत नाही?

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मुंबईतल्या नोकरीच्या बाजारात पंचेचाळिशीलाच लागू होते. दादरला राहणाऱ्या माझ्या परिचयातल्या एक बाई 52 वर्षांच्या आहेत. फोर्टमधलं त्यांचं ऑफिस बंद झालं आणि पत्रव्यवहार, बिलं, फायली सांभाळायचं अनेक वर्षांचं काम सुटलं. अंधेरीच्या एका कंपनीत मुलाखतीआधी त्यांना संगणकावर चाचणी दिली. पडद्यावर एक चिन्ह येणार, त्याच्या जोडीची कळ दाबायची, मग पुढचं चिन्ह. बाई मागे पडल्या आणि ‘स्पीड कमी आहे’ म्हणून नकार आला. त्यांचं टायपिंग कुणी पाहिलंच नाही. हे कळल्यावर माझा संताप झाला, कारण नेमक्या याच प्रश्नावरचा एक सुंदर प्रयोग मानसशास्त्रात 1984 पासून उपलब्ध आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टिमोथी सॉल्टहाउस यांनी 19 ते 72 वर्षं वयाचे टंकलेखक तपासले. बोट किती भराभर आपटता येतं आणि दिसलेल्या अक्षराची कळ किती लवकर दाबता येते, हे आधी मोजलं. दोन्हींत वयस्कर मंडळी हळू निघाली. मग सगळ्यांना सलग मजकूर टाइप करायला दिला, तर वय आणि वेग यांचा संबंधच दिसेना.

हे कसं, ते समजायला थोडं गणित करू. मिनिटाला 60 शब्द आणि शब्दाला 5 कळा धरल्या, तर मिनिटाला 300 कळा होतात, म्हणजे एका कळेला 200 मिलिसेकंद. पण त्याच टंकलेखकाला एकेक सुटं अक्षर दाखवून कळ दाबायला सांगितली, तर प्रत्येक अक्षराला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो. म्हणजे टायपिंग हे ‘अक्षर बघा, कळ दाबा’ असं चालतच नाही. बोट एका अक्षरावर असताना नजर पुढे गेलेली असते. मेंदूत चार कामं एकाच वेळी सुरू असतात: मजकूर वाचून थोडा साठवणं, त्याची अक्षरं सुटी करणं, प्रत्येक अक्षरासाठी बोटाची हालचाल ठरवणं आणि ती हालचाल प्रत्यक्ष करणं. एका अक्षराची हालचाल घडत असते, तेव्हा पुढच्या अक्षराची ठरत असते.

नजर बोटाच्या किती पुढे आहे, हे मोजायची युक्ती मला फार आवडते. पडद्यावर पुढची किती अक्षरं दिसतील, त्यावर मर्यादा घालायची आणि ती कमी कमी करत न्यायची. ज्या टप्प्यावर टायपिंग मंदावू लागतं, तेवढी अक्षरं आधी दिसण्याची त्या माणसाला गरज होती असं समजायचं. चांगल्या टंकलेखकांत हे अंतर साधारण 3 ते 7 अक्षरांचं असतं. सॉल्टहाउस यांना आढळलं, की वयस्कर टंकलेखकांत ते जास्त होतं. एकेक कळ दाबायला लागणारा जादा वेळ ते आधी सुरुवात करून भरून काढत होते. गर्दीच्या लोकलमध्ये जुना प्रवासी आपल्या स्टेशनाच्या दोन स्टेशनं आधीच दाराकडे सरकू लागतो, तसंच हे.

या निष्कर्षाला मर्यादा आहेत. ज्यांचं टायपिंग खालावलं ते लोक आधीच हे काम सोडून गेले असतील, तर उरलेल्यांचं चित्र जरा जास्तच गोजिरं दिसणार. शिवाय ही भरपाई मुरलेल्या कामातच होते, नव्या कामात हळूपणा जाणवतो. तरी अंधेरीच्या त्या चाचणीतली खोट यातून लख्ख दिसते. एका वेळी एकच चिन्ह दाखवलं, की पुढचं पाहण्याची सोय संपली. अनुभव ज्या वाटेने कामाला येतो, ती वाटच चाचणीने बंद केली आणि मग अनुभवी माणसाला नापास केलं. ऑफिसात मात्र पत्राचा अख्खा कागद समोर असतो.

आणि वयाबरोबर सगळंच उतरतं, हेही खोटं. 2015 मध्ये हार्टशॉर्न आणि जर्मिन या संशोधकांनी हजारो लोकांच्या चाचण्यांवरून दाखवलं, की माहितीवर झटपट प्रक्रिया करण्याचा वेग विशीच्या आतबाहेरच शिखर गाठतो, तर शब्दसंग्रह थेट साठीनंतर.

या भीतीवर धंदा करणारेही आहेत. ‘मेंदू तल्लख करणाऱ्या’ गोळ्यांवर आणि खेळांच्या अ‍ॅपवर पैसे घालवू नका. ‘लुमोसिटी’ या प्रसिद्ध अ‍ॅपच्या कंपनीला फसव्या जाहिरातींच्या प्रकरणात 2016 मध्ये अमेरिकेत 20 लाख डॉलर भरावे लागले. कामाच्या ठिकाणी आणि वाढत्या वयात मेंदू चांगला चालेल, असे दावे ती पुराव्याविना करत होती.

कायद्याचा आधार आपल्याकडे तोकडा आहे. सरकारी नोकरीत भेदभाव नको असं सांगणाऱ्या राज्यघटनेच्या 16 व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे, पण वय नाही. अमेरिकेत 40 वर्षांपुढच्यांना असं संरक्षण देणारा कायदा 1967 चा आहे. पण कंपन्यांनी कायद्याची वाट पाहायचं कारण नाही. टायपिंगची जागा असेल, तर पानभर मजकूर द्या, घड्याळ लावा आणि चुका मोजा. हिशेबाची जागा असेल, तर महिन्याची खरी बिलं समोर ठेवा. आणि पन्नाशीच्या उमेदवारांनी अशा संगणकी चाचणीचे नमुने घरी दोन-चारदा सोडवून जावेत. पहिल्या वेळी बराचसा वेळ चाचणीची रीत समजण्यातच जातो, आणि सरावाने हा वेळ कुठल्याही वयात कमी होतो.