जुन्या जरीच्या साडीला कात्री : वादामागची पार्श्वभूमी

आजीच्या पैठणीचा अनारकली शिवावा की नाही, यावर सध्या हिरिरीने वाद चालतो. कापू नये म्हणणाऱ्यांना तो वारशाचा घात वाटतो. पण साडीला कात्री लावणं आपल्याकडे नवं नाही, आणि न कापलेल्या जरीच्या साड्यांचं पुढे काय होत असे, हे या वादात फारसं कुणी सांगत नाही.

सुती लुगड्याबाबत कधी प्रश्नच नव्हता. काष्ट्यामुळे नऊवारी बसण्याच्या जागी आधी विरते. काठ आणि पदर धड राहतात. मग विरलेला पट्टा काढून दोन्ही भाग जोडायचे, म्हणजे दंड घालायचा, आणि जोड निऱ्यांत दडवायचा. दंडाचं लुगडं गरिबीची खूण मानलं जाई, म्हणून तो दिसू न देण्यात शिवणारीचं कसब होतं. त्यानंतर दुपटी, कुंच्या आणि शेवटी गोधडीचे थर. दुसऱ्या महायुद्धात कापड दुर्मीळ झालं, १९४३ मध्ये सूत-कापडावर सरकारी नियंत्रण आलं, आणि खाऊन-पिऊन सुखी घरांनाही जुन्याचं नवं करावं लागलं. पुढे शहरांत नऊवारी मागे पडली, तेव्हा एक सोयीचं गणित जमलं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्यातून साडेपाच मीटरची सहावारी काढली की पावणेतीन मीटर उरतं आणि लहान मुलीचं परकर-पोलकं आरामात होतं.

जरीच्या साडीची गोष्ट वेगळी. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. त्यामुळे साडी विरली तरी तिला भाव असे, पण तो विणीचा नव्हे, धातूचा. जुनी जर घेणारे काठ-पदर वजनावर घेत, जाळत आणि राखेतून चांदी काढत. चांदी महागली की सौदा अधिक फायद्याचा. हातमागावर महिनोन् महिने विणलेले पदर असे भट्टीत गेले. घरात अडचण असताना बाईने ती साडी विकली, यात तिला दोष देता येणार नाही. पण आज ज्याला आपण वारसा म्हणतो, त्यातला मोठा भाग कात्रीने नव्हे, आगीने संपला, हे स्पष्ट म्हणायला हवं.

नंतर तांब्याच्या तारेची आणि पुढे प्लॅस्टिकची जर सर्रास आली. अशा साडीत वितळवण्यासारखं काही नव्हतं आणि बोहारीणही तिच्यावर एखादं पातेलं देई, तेवढंच. त्याच सुमारास, १९८०च्या दशकात, पंजाबी ड्रेस मराठी घरांत रुळला. शिवणक्लास करून आलेल्या मुलींच्या हाती पायमशीन होतं आणि कपाटात नेसल्या न जाणाऱ्या साड्या. साडीच्या अंगाचा, म्हणजे काठ-पदर सोडून मधल्या भागाचा कुर्ता, काठाची बाही आणि घेर, उरलेल्याची ओढणी, हा साचा तेव्हाच पक्का झाला. आजचे लेहंगे आणि जॅकेटं त्याच साच्यातली.

खरा पेच कापायचं की नाही हा नाहीच. कुठे कापायचं, हा आहे. पैठणीच्या पदरावरचा मोर वेगवेगळ्या रंगांच्या धाग्यांच्या कांड्या हाताने फिरवून विणलेला असतो. त्याच्या मधून कात्री गेली की बाण्याचे, म्हणजे आडवे धागे सुटू लागतात आणि कितीही टिपा मारल्या तरी ती कड भरवशाची राहत नाही. म्हणून पदर सलग ठेवावा, जॅकेटच्या पाठीला किंवा ओढणीला लावावा, आणि कात्री अंगाच्या साध्या भागावर चालवावी. जुनं रेशीम घडीवर आधी फाटतं, तेव्हा घडीची रेघ शिवणीत येऊ देऊ नये. संपूर्ण अस्तर हवंच. ताण अस्तराने घ्यायचा, साडीने नाही. फिटिंगचा, अंगाला घट्ट बसणारा ब्लाउज अशा कापडाचा शिवणं म्हणजे ते वाया घालवणं. हे न पाहता, पदराच्या मधोमध गळा कापून दिलेले ड्रेस बघवत नाहीत, आणि तिथे विरोधकांचा संताप रास्त आहे.

गेल्या काही वर्षांत समाजमाध्यमांमुळे मागणी इतकी वाढली की जुन्या साड्या पुरेनाशा झाल्या. यंत्रमागावरची नवी पॉलिस्टर साडी कापून ‘जुन्या पैठणीचा ड्रेस’ म्हणून विकली जाते. त्यात ना वारसा वाचतो, ना कापड. दुसरीकडे येवल्यातले विणकर आता हातमागावर ओढण्याही विणतात, त्यामुळे नुसत्या हौसेसाठी धडधाकट साडी कापण्याचं कारण उरत नाही. प्रश्न उरतो तो अंग विरलेल्या आणि पदर शाबूत असलेल्या साड्यांचा, आणि त्यांच्यासाठी चांगल्या शिंप्याची कात्री हाच मला योग्य मार्ग वाटतो.