रिकामी आलेली होडी मोजायची कशी?

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापण ओढत असतील तर जरा थांबून बघावं. होडीतून अर्धवर्तुळात जाळं टाकलेलं असतं आणि त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावरच्या दोन रांगांच्या हातात असतात. ओढता ओढता रांगा एकमेकींजवळ सरकतात आणि शेवटी जाळ्याची खोळ वाळूवर येते. मग एकच गडबड. बांगडे इकडे, पेडवे तिकडे, खेकडे बाजूला. दोराला हात लावणाऱ्याला मूठभर मासे मिळतात, कुणी शेजारी कालवणापुरते घेऊन जातो, कावळे त्यांचा वाटा मागायला थांबत नाहीत. लिलाव सुरू होईपर्यंत त्यातले काही मासे पिशव्यांतून घरीसुद्धा पोचलेले असतात. एका रापणीला किती मासे आले, या साध्या प्रश्नाचं उत्तर इथूनच निसटायला लागतं.

देशाच्या किनाऱ्यावर मासे उतरवण्याच्या हजाराहून जास्त जागा आहेत. प्रत्येक ठिकाणी रोज माणूस उभा करणं शक्य नाही. म्हणून १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने नमुना पाहणीची पद्धत बसवली. किनाऱ्याचे विभाग पाडायचे आणि महिन्यातल्या कोणत्या दिवशी कोणतं बंदर बघायचं, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं. मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे इथला 'दिवस' मध्यरात्री सुरू होत नाही. तो दुपारी बारा ते दुसऱ्या दुपारी बारा असा धरतात. पहिल्या दिवशी बारा ते सहा निरीक्षक स्वतः हजर असतो, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा पुन्हा हजर. मधल्या रात्री काय उतरलं ते सकाळी विचारून लिहायचं.

होड्यांचंही तसंच. पंधरा किंवा त्याहून कमी आल्या तर सगळ्या बघायच्या. वीस ते एकोणतीस आल्या तर दोनांतली एक, पन्नासच्या वर गेल्या तर पाचांतली एक. समजा चोवीस होड्या आल्या, त्यांतल्या बारा तपासल्या आणि त्यांत मिळून ३०० किलो निघाले, तर त्या दिवशीच्या बंदराचा अंदाज ६०० किलो. याच हिशेबाने पुढे बंदरावरून विभाग आणि दिवसांवरून महिना. वर्षाच्या शेवटी छापला जाणारा टनांचा आकडा म्हणजे अशा गुणाकारांची एकावर एक रचलेली उतरंड असते.

या उतरंडीत वजनकाटा फार कमी वेळा येतो. पाट्या मोजतात, एखादी तोलतात. मासे नगावर मोजले असतील तर लांबी घेऊन वजन काढतात, कारण माशाचं वजन साधारण लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. बांगडा २० टक्क्यांनी लांब झाला की वजन ७० टक्क्यांहून अधिक वाढतं. शंभर बांगड्यांची नुसती संख्या लिहिली आणि लांबी लिहिली नाही, तर ती नोंद अर्धीच राहते.

लांबीचा आणखी एक उपयोग आहे. थंड समुद्रातल्या माशांचं वय त्यांच्या डोक्यातल्या खड्यावरच्या वलयांवरून काढता येतं, झाडाच्या खोडासारखं. (ढोमा खाताना दाताखाली आलेला पांढरा खडा आठवा, तोच.) पण उष्ण कटिबंधात हिवाळा-उन्हाळ्याचा फरक कमी, त्यामुळे वलयं पुसट. शिवाय एकाच जाळ्यात पंधरा-वीस जातींचे मासे. म्हणून १९८०च्या सुमारास मनिलामध्ये काम करणारे मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली आणि त्यांच्या सहकाऱ्याने शेकडो माशांच्या लांबीवरूनच वाढीचा वेग काढण्याची गणिती रीत तयार केली. मोजपट्टी आणि वही एवढ्यावर ती चालते.

आता अडचणीच्या जागी येऊ. किनाऱ्यावर "काय गावला?" म्हणून विचारलं तर कधी कधी उत्तर येतं, "मासो खय? जाळी रिकामीच इली." ही रिकामी फेरी वहीत जाते का? बहुधा नाही. लिलाव नाही, पाटी नाही, मग लिहायचं काय?

समजा दहा वेळा रापण टाकली. आठ वेळा जवळपास काही नाही, दोन वेळा बांगड्याचा थवा सापडला, प्रत्येकी १००० किलो. दर फेरीची खरी सरासरी २०० किलो. पण भरलेल्या फेऱ्याच लिहिल्या तर १०००. पुढच्या वर्षी थवे निम्मे झाले, दहांतली एकच फेरी भरली, तर खरी सरासरी १०० वर येते. वहीतली मात्र १००० वरच राहते. समुद्रातले मासे घटले आणि कागदावर काहीच हललं नाही. थव्याने राहणाऱ्या माशांच्या बाबतीत हा धोका जास्त, कारण थोडे उरले तरी ते एकत्रच असतात आणि सापडले की भरभरून सापडतात. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला कॉड मासे संपत आले तरी बोटींचे दर फेरीचे आकडे बराच काळ चांगले दिसत होते. अखेर १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली.

रिकाम्या फेरीचं न लिहिलेलं शून्य हे पहिलं. दुसरं शून्य याच्या उलट आहे. तिथे मासा असतो, पण नोंद नसते, आणि कोष्टकात ती रिकामी जागा शून्य म्हणून वाचली जाते. पॉली आणि डर्क झेलर यांनी २०१६ मध्ये असे सुटलेले मासे जगभर पुन्हा मोजले, तेव्हा देशांनी कळवलेल्या आकड्यांपेक्षा एकूण मासेमारी निम्म्याने जास्त निघाली. यात छोट्या होड्या, घरी नेलेले मासे आणि फेकून दिलेले मासेही धरले होते. जागतिक अन्न व कृषी संघटना आणि सहकारी संस्थांच्या २०२३च्या अभ्यासात जगातल्या मासेमारीपैकी किमान ४० टक्के वाटा छोट्या मच्छीमारांचा असल्याचं दिसतं. हा भाग मोजायला सर्वांत कठीण, कारण तो एका धक्क्यावर येतच नाही.

खाडीतल्या मुळे नावाच्या शिंपल्यांचंच घ्या. ओहोटीला बायका गुडघाभर पाण्यात जाऊन मुळे आणि तिसऱ्या वेचतात, दगडांवरची कालवं काढतात. होडी नाही, जाळं नाही, लिलाव नाही. दुपारी बारा ते बारा थांबलेल्या निरीक्षकाला त्या दिसणारही नाहीत, कारण त्यांचं घड्याळ भरती-ओहोटीचं, आणि ते रोज पाऊण तासाहून थोडं जास्त पुढे सरकतं. त्यांच्यासाठी किनारा सोडून घरात जावं लागतं. गावातली काही घरं चिठ्ठीने निवडायची आणि गेल्या सात दिवसांत कालवण कशाचं झालं, मुळे कुठून आले, किती वाटे शेजारी दिले, हे त्या घरच्या बाईला विचारायचं. आणि काहीच वेचलं नसेल, तर तेही लिहून घ्यायचं.