हबर्ड ब्रुकच्या जंगलातले पक्षी का घटले?

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातलं हबर्ड ब्रुकचं जंगल आम्लवर्षेच्या संशोधनामुळे प्रसिद्ध झालं. डार्टमथ कॉलेजचे रिचर्ड होम्स यांनी १९६९ मध्ये तिथले पक्षी मोजायला घेतले, ते घट शोधण्यासाठी नव्हे. जंगलाच्या ऊर्जेच्या हिशेबात पक्ष्यांचा वाटा किती, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांनी १० हेक्टरचा तुकडा आखला. विणीच्या हंगामात गाणाऱ्या नरांच्या हद्दी नकाशावर मांडायच्या, घरटी शोधायची, हे काम मग वर्षानुवर्षं चालूच राहिलं. म्हणूनच पुढची गोष्ट हाती लागली.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्या तुकड्यात दोनशेहून जास्त पक्षी होते. पुढे ते निम्म्यावर आले. सर्वांत जास्त संख्येनं असलेला लीस्ट फ्लायकॅचर हा चिमुकला माशीमार तर नव्वदच्या दशकात तिथून जवळपास नाहीसा झाला.

त्याच काळात दुसरीकडे धोक्याची घंटा वाजत होती. पक्षीशास्त्रज्ञ चँडलर रॉबिन्स यांनी १९६६ मध्ये उत्तर अमेरिकेत विणीच्या पक्ष्यांची रस्त्यालगतची गणना सुरू केली होती. सुमारे ३९ किलोमीटरचा मार्ग, ५० थांबे, प्रत्येक थांब्यावर तीन मिनिटं. मोजणारे बहुतेक हौशी पक्षीनिरीक्षक. या आकड्यांवरून १९८९ मध्ये त्यांनी दाखवलं, की पूर्वेकडच्या जंगलांतले अनेक स्थलांतरित पक्षी १९७८ नंतर घटताहेत. संशय दोघांवर होता: विणीच्या जागी जंगलाचे तुकडे पडणं आणि हिवाळी मुक्कामाकडची जंगलतोड.

हबर्ड ब्रुकचं जंगल मात्र सलग होतं. मग दोष हिवाळी मुक्कामाचाच, असं म्हणणं सोपं होतं. होम्स आणि त्यांचे सहकारी थॉमस शेरी यांनी तीस वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बरीचशी घट जंगलाच्या वयाशी जुळली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे मोठी लाकूडतोड झाली होती. नंतर उगवलेलं रान प्रौढ होत गेलं आणि मध्यम वयाचं रान पसंत करणारे पक्षी कमी झाले. हे एका तुकड्यापुरतंच तर नाही ना, हे पडताळण्यासाठी १९८६ पासून त्याच भागातल्या व्हाइट माउंटन्स या डोंगररांगेत आणखी तीन तुकड्यांवर मोजणी होत होती. माझ्या मते सगळ्यांत शहाणपणाचा निर्णय हाच.

अर्थात हिवाळा निर्दोष सुटला नाही. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की एल निनोच्या वर्षी हिवाळी मुक्कामाला जमैकात गेलेले ब्लॅक-थ्रोटेड ब्लू वार्बलर हे छोटे स्थलांतरित पक्षी कमी जगतात आणि न्यू हॅम्पशायरमध्ये त्यांची पिल्लंही कमी होतात.

१९७० पासून उत्तर अमेरिकेतले सुमारे २९० कोटी पक्षी कमी झाले, हा २०१९ चा गाजलेला अंदाज मुख्यतः रस्त्यालगतच्या गणनेवर उभा आहे. त्या गणनेत जंगलाचं वय नोंदलं जात नाही.