साटीनची वीण आणि ३९ अंकी मूळसंख्या

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांची खडखड ऐकत वाढलेल्या माणसाला मूळसंख्यांचा इतिहास कापडापाशी येऊन पोचतो हे सांगितले, तर चटकन पटणार नाही. पण १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ ही संख्या, म्हणजे २ चा १२७ वा घात उणे १, मूळसंख्या असल्याचे ज्याने दाखवले, त्या एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाच्या सुरुवातीच्या लेखनाचा विषय साटीनची, म्हणजे गुळगुळीत, चकचकीत कापडाची, वीण हाच होता.

ल्युकाचा जन्म १८४२ मध्ये अमिआं या कापडासाठी नावाजलेल्या शहरात झाला आणि १८६७ मध्ये त्याने नियमित साटीनच्या रचनेला अंकगणित लावले. पाच उभ्या धाग्यांवर प्रत्येक ओळीत बांधणी, म्हणजे आडवा धागा उभ्या धाग्यात अडकतो ती जागा, दोन घरे सरकवली, तर ती पहिला, तिसरा, पाचवा, दुसरा, चौथा अशी फिरून प्रत्येक धाग्यावर एकदाच येते. सहा धाग्यांवर तीच सरक घेतली, की पहिला, तिसरा, पाचवा आणि पुन्हा पहिला. निम्मे धागे मोकळेच राहतात. तीनची घेतली तर दोनच धागे बांधले जातात, आणि एकची किंवा पाचची घ्यावी तर बांधण्या साटीनसारख्या विखुरण्याऐवजी तिरप्या रेघेचे ट्विल उमटते; म्हणून सहा धाग्यांचे नियमित साटीन बसतच नाही. धाग्यांची संख्या मूळ असेल, तर मात्र कोणतीही सरक सगळ्या धाग्यांना गाठते.

फेरा पुरा होतो की मध्येच तुटतो, यावरून संख्येचा स्वभाव ओळखण्याची हीच दृष्टी ल्युकाच्या पुढच्या कामातही दिसते. २ च्या कोणत्या घातातून १ वजा केला की मूळसंख्या मिळते, अशा घातांची यादी मर्सेन या फ्रेंच अभ्यासकाने १६४४ मध्ये दिली होती; तिच्यात १२७ होता. त्याच यादीतले ६७ आणि २५७ पुढे चुकीचे ठरले, तर ६१, ८९ आणि १०७ तिच्यातून निसटले होते, तेव्हा १२७ बरोबर निघाला यात नशिबाचा वाटा मोठा म्हणावा लागेल. गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये २ चा ३१ वा घात उणे १ ही संख्या मूळ असल्याचे संभाव्य विभाजक एकेक तपासून सिद्ध केले होते, पण ३९ अंकांपुढे तो मार्ग खुंटतो.

ल्युकाने १८७६ मध्ये विभाजक शोधलेच नाहीत. ३ पासून सुरुवात करायची, वर्ग करून २ वजा करायचे, आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवायची. २ चा ७ वा घात उणे १, म्हणजे १२७, हिच्यावर हे करून पाहिले, तर ३, ७, ४७, ४८, १६, ० असा क्रम येतो. घातापेक्षा एक कमी अशा पायरीवर, म्हणजे सहाव्या पायरीवर, शून्य आले की संख्या मूळ. ३९ अंकी संख्येसाठी असे सव्वाशे वर्ग लागतात, आणि तेही कागद-पेन्सिलीच्या काळात. सोलापुरात पहिली मिल उभी राहिली तीही याच दशकात.

ही संख्या पाऊणशे वर्षे, १९५१ पर्यंत, ज्ञात मूळसंख्यांत सर्वांत मोठी राहिली. ३ ने सुरुवात करण्याचा नियम ४ ने भागल्यावर ३ उरणाऱ्या घातांनाच लागू पडतो. लेमर या अमेरिकन गणितज्ञाने १९३० मध्ये सुरुवात ४ पासून करून तो सर्व विषम मूळ घातांसाठी सुटसुटीत केला. २०२४ मध्ये सापडलेल्या ४,१०,२४,३२० अंकी मूळसंख्येची, म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात उणे १ हिची, अंतिम खातरजमाही याच नियमाने झाली.